डीआरएल: करंट कुठून घ्यायचा आणि ती विझवायची कोणी

मानेवाड्याच्या एका भावाचा प्रश्न आहे. त्यांच्या २०१८ सालच्या पेट्रोल हॅचबॅकला त्यांनी बाहेरून डीआरएलची, म्हणजे दिवसा पुढे लागणाऱ्या पांढऱ्या दिव्यांची, जोडी बसवून घेतली. बसवणाऱ्याने लाल वायर सरळ बॅटरीच्या प्लसला जोडली, काळी बॉडीला, आणि मधे एक छोटा स्विच काढून स्टिअरिंगखाली चिकटवला. स्विच बंद करायचं दोनदा राहून गेलं आणि दोन्ही वेळा सकाळी गाडीने सेल्फ उचलला नाही. आता एक मिस्त्री म्हणतो पार्किंग लाईटच्या वायरवर घ्या, दुसरा म्हणतो किल्लीवर (किल्ली फिरवल्यावरच येणाऱ्या करंटवर) घ्या, तिसरा म्हणतो हेडलाईटच्या वायरला टॅप मारा. कोणाचं ऐकावं, असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, नागपुरात सव्वीस वर्षं मी गाड्यांचं वायरिंग करतोय आणि डीआरएलची अर्धी भांडणं याच तीन सल्ल्यांतून येतात. पार्किंगच्या वायरवर घेतली तर ती रात्रीच लागेल आणि दिवसा बंद राहील, म्हणजे नावाच्या बरोबर उलट. हेडलाईटच्या वायरवर घेतली तरी तेच. किल्लीवर घेतली तर दिवसाचं काम बरोबर होतं, बॅटरीही वाचते, पण रात्री हेडलाईट लावल्यावर ती तशीच भकाभका जळत राहते. तुम्हाला दोन अटी एकदम पाळायच्या आहेत: किल्ली चालू असेल तेव्हाच लागली पाहिजे, आणि पार्किंग किंवा हेडलाईट लावला की आपोआप विझली पाहिजे. प्लस कुठून घ्यायचा हा सोपा भाग आहे. ती विझवायची कोणी, हे बहुतेक जण विचारतच नाहीत.

विझणं इतकं महत्त्वाचं काहून, ते आधी सांगतो. युरोपात डीआरएलसाठी जो नियम आहे त्यात एका दिव्याचा उजेड ४०० ते १२०० कँडेला (उजेडाच्या तेजाचं माप) असा बांधलेला आहे. भर उन्हात दुरून दिसावा म्हणून तो इतका तेज ठेवतात. तोच उजेड अंधारात समोरच्याच्या डोळ्यांवर गेला तर त्याला रस्त्याची कड दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे भंडारा रोडला किंवा उमरेड रोडला धुकं असतं, तेव्हा हा पांढरा उजेड धुक्यावर पसरतो आणि समोर नुसती भिंत उभी राहते. म्हणूनच त्या नियमांत हेडलाईट लागताच डीआरएल आपोआप बंद झाली पाहिजे अशी अट आहे. स्वीडनने १९७७ पासून दिवसा लाईट लावणं सक्तीचं केलं, युरोपात २०११ पासून नव्या मॉडेलच्या कारना डीआरएल लागू झाली. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट कायम चालू असतो, तो याच विचारातून. कारला आपल्याकडे तशी सक्ती नाही, म्हणून लोक बाहेरून बसवून घेतात, आणि बसवताना नियमातला उजेड घेतात, विझण्याची अट सोडून देतात.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. डीआरएल फक्त पुढे लागते, मागचे लाल दिवे तिच्यासोबत लागत नाहीत. संध्याकाळी सहा-साडेसहाला वर्धा रोडवरून येताना ड्रायव्हरला पुढच्या गाडीच्या बंपरवर आपला पांढरा उजेड पडलेला दिसतो, डॅशबोर्डवरचं मीटरही आजकाल दिवसा उजळलेलंच असतं, आणि त्याला वाटतं आपले लाईट चालू आहेत. मागून येणाऱ्या ट्रकला मात्र काळ्या डांबरावर काळी गाडी दिसत नाही. पावसाळी दुपारी ढग दाटून येतात तेव्हाही हेच होतं. समृद्धीवर या वेगात हे फार महागात पडू शकतं. माझ्याकडे डीआरएल बसवायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे गाडीच्या मागे उभं करून दाखवतो: डीआरएल चालू, मागे अंधार. डोळ्यांनी एकदा पाहिलं की मग सांगावं लागत नाही. अंधारू लागलं, पाऊस आला, धुकं पडलं की लाईटची कांडी स्वतःच्या हाताने फिरवायची, डीआरएलच्या भरवशावर राहायचं नाही.

आता वायरिंग. तुमच्या गाडीला एक पाच पायांचा साधा रिले, म्हणजे छोट्या करंटने दुसरा करंट जोडणारा-तोडणारा स्विच, पुरतो. त्याच्या बुडावर आकडे लिहिलेले असतात: ३०, ८५, ८६, ८७ आणि मधला ८७ए. रिलेला करंट नसतो तेव्हा ३० आणि ८७ए आतून जोडलेले असतात. कॉईलला, म्हणजे ८५-८६ला, करंट मिळाला की आतली पट्टी खेचली जाते आणि ३० तिकडून सुटून ८७ला लागतो. आपल्याला हे सुटणंच हवं आहे. म्हणून ३०ला किल्लीचा करंट द्यायचा, ८७एवरून डीआरएलची लाल वायर काढायची, ८६ला पार्किंगचा प्लस द्यायचा, ८५ बॉडीला अर्थ करायचा. ८७ मोकळा ठेवून त्यावर टेप मारायची. किल्ली फिरवली, डीआरएल लागली. पार्किंग लावलं, रिले टक् करून खेचला, डीआरएल विझली. डीआरएलचा करंट पार्किंगच्या वायरमधून जात नाही, तिथून फक्त कॉईलपुरता, एक अँपिअरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी करंट घेतला जातो. उद्या रिलेची कॉईल जळाली तरी नुकसान इतकंच की रात्रीही डीआरएल चालू राहील, आणि किल्ली काढली की ती बंद होईलच.

८६ला हेडलाईटचा नाही, पार्किंगचाच प्लस द्या. हेडलाईटवर घेतला तर डिपर मारताना प्रत्येक वेळी डीआरएल लपलप करते. रिले घेताना कॉईलवर डायोड किंवा रेझिस्टर असलेला मागा. कॉईल सुटताना उलटा झटका मारते, आणि आजच्या गाड्यांत पार्किंगची वायर बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधून, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणाऱ्या गाडीच्या कॉम्प्युटरमधून, येते, तो झटका त्याला सोसू द्यायचा नाही. डायोडवाल्या रिलेत ८६ प्लस आणि ८५ मायनस हे उलटं चालत नाही, एवढं लक्षात ठेवा.

काही नव्या गाड्यांत मॉड्यूल पार्किंगला सलग करंट देत नाही, अतिशय वेगाने चालू-बंद करून देतं. तिथे साधा रिले घुंगरासारखा वाजत राहतो. वाजला तर समजायचं, रिलेचा दोष नाही. अशा गाडीला रिले सोडून डीआरएलचा तयार कंट्रोलर लावा.

कंट्रोलर म्हणजे छोटी काळी डबी. लाल-काळी वायर बॅटरीला, एक सुटी पातळ वायर पार्किंगला, बाकी डीआरएलकडे. ती बॅटरीचं व्होल्टेज बघते. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर ते १३.८ ते १४.४पर्यंत नेतो. व्होल्टेज वर गेलं की डबीला कळतं, इंजिन सुरू झालं. किल्लीची वायर शोधायची गरज नाही, म्हणून मिस्त्रींना ही डबी आवडते. पण दोन ठिकाणी ती फसते. इंजिन बंद केल्यावर बॅटरीचं व्होल्टेज लगेच खाली येत नाही, म्हणून गाडी लॉक करून तुम्ही दहा पावलं गेलात तरी डीआरएल जळत असते. घाबरू नका, काही मिनिटांत विझते. दुसरं जास्त त्रासाचं. माईल्ड हायब्रिड (इंजिनाला छोट्या विजेच्या मोटरची मदत असलेल्या) आणि पेट्रोल वाचवणाऱ्या अल्टरनेटरच्या गाड्यांत बॅटरी भरलेली असली की गाडी स्वतःच चार्जिंग कमी करते, आणि चालत्या गाडीत व्होल्टेज १२.५-१३वर येतं. डबीला वाटतं इंजिन बंद झालं. मग डीआरएल मधेच विझते, मधेच लागते. अशा दोन गाड्या मी दुसऱ्यांनी तीन-तीन वेळा डीआरएल बदलून दिलेल्या पाहिल्या, दिवे पूर्ण चांगले होते. तिथे किल्लीचा करंटच घ्यावा लागतो. तुमच्या साध्या पेट्रोल गाडीला रिलेच योग्य.

किल्लीचा करंट घ्यायला कंपनीचं हार्नेस, म्हणजे वायरींचा मूळ जुडगा, कापू नका. फ्यूज टॅप घ्या, तो मूळ फ्यूजच्या जागी बसतो आणि त्यात दोन फ्यूज राहतात, एक जुना आणि एक तुमचा. वायपरचा किंवा चार्जिंग सॉकेटचा फ्यूज बघा, मल्टिमीटर लावून किल्ली बंद असताना तिथे शून्य येतं याची खात्री करा, कारण काही गाड्यांत सॉकेटला कायम करंट असतो. एअरबॅग, एबीएस, इंजिनचं ईसीयू, फ्युएल पंप यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही. त्या वायरींवर बल्बवाला टेस्ट लॅम्पही लावू नका, मीटरच वापरा. टॅप उलटा बसू शकतो आणि उलटा बसला तरी लाईट लागते, म्हणून ही चूक लपून राहते. तपासायचं असं: टॅपमधला जुना फ्यूज काढा, फक्त नवा ठेवा, किल्ली फिरवा. डीआरएल लागली तर टॅप बरोबर. नाही लागली तर काढून फिरवून बसवा, नाहीतर तुमचा करंटही वायपरच्याच फ्यूजमधून जात राहील. पार्किंगचा सिग्नलही असाच, पार्किंगच्या फ्यूजवर दुसरा टॅप लावून घेता येतो. एकही वायर कापली जात नाही, आणि गाडी विकताना सगळं काढून पहिल्यासारखं करता येतं.

फ्यूज किती, हा हिशोब करून ठरवा, हाताला लागला तो लावू नका. ६ वॅटचे दोन दिवे म्हणजे १२ वॅट, चालत्या गाडीत एक अँपिअरच्याही आत. ३ अँपिअरचा जांभळा फ्यूज भरपूर झाला. मी डीआरएलवर १५ अँपिअरचा निळा फ्यूज लावलेला पाहतो तेव्हा मला काळजी वाटते, कारण ती बारीक वायर शॉर्ट झाली तर फ्यूजच्या आधी वायर जळेल.

आणि तुमच्या गाडीत आज फ्यूजच नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. बॅटरीवरून थेट निघालेली वायर, मधे फक्त स्विच. कामात नवा होतो तेव्हा मी स्वतः ही चूक केली आहे. एका जीपला फॉग लॅम्प लावले, वायर रेडिएटरच्या पत्र्यावरून ओढली, स्लीव्ह घातली नाही, फ्यूज दिला नाही. पत्र्याच्या धारेवर घासून घासून दोन महिन्यांत वायरचं कातडं निघालं. वर्धा रोडवर बोनेटमधून धूर निघाला तेव्हा ड्रायव्हरने प्रसंगावधान राखून बॅटरीचा लग (टर्मिनलवर बसणारं वायरचं टोक) हाताने उपटला. त्याच्या तळहाताला भाजलं. मी त्याच्या घरी जाऊन आलो, गाडीचं सगळं वायरिंग पैसे न घेता करून दिलं, आणि त्या दिवसापासून फ्यूजशिवाय एक वायर बॅटरीला लावलेली नाही. कंट्रोलर लावलात आणि लाल वायर बॅटरीवर न्यावीच लागली, तर फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभराच्या आत हवा. दिव्याजवळ लावलेला फ्यूज मधल्या सगळ्या वायरला उघडं सोडतो.

जोड. बाजारात निळ्या-लाल प्लास्टिकच्या चिमट्यासारखे टॅप मिळतात. वायर आत ठेवायची, पक्कडीने दाबायचं, झालं. आतली पत्ती वायरचं कातडं कापून तांब्याला भिडते, आणि भिडताना चार-पाच तारा तोडते. २०२३च्या सप्टेंबरात अंबाझरी ओसंडला आणि शहरात पाणी शिरलं, त्यानंतर कित्येक दिवस माझ्याकडे पाण्यात राहिलेल्या गाड्या येत होत्या. एका गाडीचा पुढचा बंपर काढला तर डीआरएलच्या चिमट्यातून हिरवी भुकटी गळली. वायर नखाने ओढली आणि ती हातात आली, आत एकच तार शिल्लक होती. त्या गाडीच्या कंपनीच्या सीलबंद कपलरमधे पाणी गेलं नव्हतं. तेव्हा जोड सोल्डर करा किंवा चांगल्या पक्कडीने क्रिंप करा आणि वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा. गरम केल्यावर दोन्ही टोकांना गोंदाचा छोटा थेंब बाहेर आलेला दिसला पाहिजे, तो दिसला की पाणी आत जाणार नाही. नुसती काळी टेप नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला गेला की, वितळून चिकट होते आणि सुटते.

वायर ०.५ किंवा ०.७५ चौरस मिलिमीटरची, खऱ्या तांब्याची घ्या. स्वस्त वायरमधे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने खरवडली की पांढरी दिसते, तेव्हा ती परत करा. वायर नालीदार पाईपमधून न्या, इंजिनच्या सायलेन्सरकडून आणि पंख्याजवळून नको. डॅशबोर्डकडून बोनेटमधे येताना रबरी ग्रोमेटमधूनच काढा. रिलेचे पाय खाली येतील असा बसवा, म्हणजे पाणी साठत नाही. अर्थ मात्र मनापासून करा. बॉडीचा बोल्ट निवडा, त्याखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, रिंग लग लावून घट्ट करा आणि वर थोडं ग्रीस लावा. मग दिवे चालू ठेवून मीटरची एक सुई दिव्याच्या काळ्या वायरला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावा. ०.२ व्होल्टच्या आत आलं पाहिजे. जास्त आलं तर अर्थ कच्चा आहे, दिवा मिणमिणेल किंवा इंडिकेटरसोबत लपकेल.

दिवे निवडताना किमतीकडे बघू नका असं मी म्हणणार नाही, पण आत काय आहे ते विचारा. स्वस्त पट्टीत तीन एलईडी आणि एक रेझिस्टर, अशी जोडणी असते. तीन पांढऱ्या एलईडी मिळून साधारण ९.६ व्होल्ट खातात. दुकानात १२ व्होल्टवर लावून दाखवतात तेव्हा रेझिस्टरवर २.४ व्होल्ट उरतात. तुमच्या गाडीत इंजिन चालू असताना १४.४ होतात, म्हणजे रेझिस्टरवर ४.८. व्होल्टेज फक्त दोन-अडीचने वाढलं, पण एलईडीतला करंट जवळपास दुप्पट झाला. त्यात उन्हाळा, त्यात रेडिएटरची गरम हवा. म्हणूनच अशा पट्ट्या पहिल्या उन्हाळ्यातच निळसर पडतात आणि एकेक तुकडा विझत जातो. कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर (व्होल्टेज बदललं तरी करंट एकसारखा ठेवणारं सर्किट) असलेला आणि मागे ॲल्युमिनियमचं अंग असलेला दिवा घ्या. आयपी६७ लिहिलेलं असलं तरी वॉशिंग सेंटरला प्रेशरचा पाईप थेट त्यावर मारू देऊ नका. तो आकडा पाण्यात थोडा वेळ बुडण्याचा आहे, फवाऱ्याच्या माऱ्याचा नाही.

रंग पांढराच ठेवा. निळा, लाल, लपलपणारा असं काही नको. पोलीस थांबवतील हे आहेच, मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजारांच्या दंडाची आणि कैदेचीही तरतूद आहे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे समोरच्याला ती ॲम्ब्युलन्स वाटते. जागेसाठी युरोपचं माप घ्या: जमिनीपासून २५ सेंटिमीटरच्या वर, दीड मीटरच्या खाली, आणि दोन दिव्यांमधे निदान ६० सेंटिमीटर अंतर. दिवे सरळ पुढे बघणारे हवेत, वर टाचलेले नकोत. बंपर परत बसवताना वायरला वीतभर ढील ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी बंपर काढणारा माणूस ती ओढून तोडेल.

तुमची गाडी दोनदा उभी राहिली त्याचं गणितही सांगतो, म्हणजे बॅटरी बदलायची घाई होणार नाही. डीआरएल तासाला जवळपास एक अँपिअर-अवर खाते. रात्री आठ ते सकाळी सात म्हणजे अकरा. बॅटरी पस्तीस अँपिअर-अवरची असली तरी आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांनी तिची ताकद बरीच कमी झालेली असते, आणि सेल्फला थोडं उरून चालत नाही. दोनदा इतकी उतरलेली बॅटरी चार्जरवर लावून रात्रभर सावकाश भरा. नुसतं गाडी फिरवून ती पूर्ण भरत नाही. मग लोड टेस्टरवर तपासून घ्या, आणि तेव्हाच ठरवा.

जुना स्विच आणि त्याची थेट वायर पूर्ण काढून टाकली, नवं रिलेचं काम झालं, की शेवटची एक तपासणी करा. किल्ली काढा, पण बोनेट उघडं ठेवा. बॅटरीचा मायनस लग सोडून मीटर दहा अँपिअरच्या खाचेत, लग आणि टर्मिनलच्या मधे जोडा. गाडी लॉक करा आणि अर्धा तास थांबा, मॉड्यूल झोपायला तेवढा वेळ घेतात. मीटर मधे असताना किल्ली फिरवू नका, सेल्फचा करंट मीटरचा फ्यूज उडवेल. अर्ध्या तासाने ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा दिसला तर रात्रभर कुठेच काही गळत नाही. जास्त दिसला तर आधी डीआरएलचा टॅप काढून पुन्हा बघा. आकडा खाली आला तर दोष आपल्या कामात आहे. नाही आला तर ती गळती गाडीत आधीपासूनच होती, आणि ती एकेक फ्यूज काढून शोधावी लागेल.